एमेतेरिओचं वाक्य

पहिली टाळी मी वाजवली. आमच्या मेरिदाच्या रोमन नाट्यगृहात एकाने टाळी वाजवली की ती त्याची एकट्याची राहत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने कुणी त्या दगडी पायऱ्या रचल्या, त्याने आवाजाची सोय इतकी चोख केली आहे, की खाली कुणी खाकरलं तर वरच्या रांगेतल्या बायका वळून शेजाऱ्याकडे बघतात. माझ्या टाळीमागोमाग वर बसलेली आमची अख्खी आळी उठली. "शाब्बास रे एमेतेरिओ!" आणि त्या गदारोळात एमेतेरिओचं वाक्य बुडालं. ओठ हललेले तेवढे दिसले.

वाक्य एकच होतं. "राणीसाहेब, जहाजं दिसली, पण शिडं फाटलीत."

एमेतेरिओ धंद्याने खिडक्यांचे गुंडाळपडदे दुरुस्त करतो. जुलैत आमच्याकडे ऊन असं, की पडदा अडकला तर लोक डॉक्टरच्या आधी त्याला बोलावतात. उन्हाळी नाटकांत मात्र तो भालदार. माद्रिदहून मंडळी येतात, बोलायचं काम ती करतात. गावकऱ्यांनी भाला धरून उभं राहायचं. असे बावीस उन्हाळे तो उभा राहिला. सहा राजे त्याच्यासमोर मेले, एकालाही त्याला "अरेरे" म्हणता आलं नाही. नाट्यगृह आमचं, घाम आमचा. तोंड तेवढं पाहुण्यांचं.

यंदा एक नट आजारी पडला आणि ते वाक्य याच्याकडे आलं. मग काय विचारता! महिनाभर लोकांच्या पडद्यांच्या पट्ट्या ओढता ओढता हा जहाजं बघत होता. औषधवाल्या बाईंच्या दुसऱ्या मजल्यावरून एकदा असा गरजला, की रस्त्यातली माणसं थांबली.

"भावजी," त्याची बायको कासिल्दा मला म्हणाली, "सत्तावीस वर्षांत मला कधी अशी हाक मारली नाही हो. आणि त्या राणीला बघा, उठता-बसता!"

एक अडचण होती. समुद्र आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या वर. "बघू कुठे?" त्याने दिग्दर्शकाला विचारलं. "कुठेही बघा." एमेतेरिओला ते पटेना. शेवटी त्याने रेल्वे स्टेशनची दिशा धरली. आमच्या गावात लांबून काही यायचं तर तिकडूनच येतं.

प्रयोग पाच. पहिला मी असा घालवला. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने वाक्यच काढून टाकलं.

मी धावत गेलो. म्हटलं, "चूक माझी. शिक्षा मला द्या."

"राणीचा मुलगा बुडालाय आणि तुम्ही भालदाराला शाबासकी देताय! ही शोकांतिका आहे की लग्नाची वरात?"

"पण मग जहाजं दिसल्याचं राणीला कळणार कसं?"

"ती स्वतः बघेल."

आणि बघितलं तिने! उरलेले चारही दिवस तीच विचारायची, जहाजं दिसतात का, आणि तीच सांगायची, दिसली, पण शिडं फाटलीत. शेजारी एमेतेरिओ भाला धरून, ओठ मिटून, स्टेशनकडे बघत. वर आम्ही हात मांडीखाली दाबून बसलेलो. चिडावं तरी कुणावर? दिग्दर्शक त्याच्या जागी बरोबर, आळी तिच्या जागी बरोबर, आणि मी माझ्या जागी गाढव.

मंडळी सामान बांधून गेली. पुढच्या रविवारी जेवणाआधी चौकातल्या बारमध्ये एमेतेरिओ भेटला. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नव्हता. मी त्याच्यापुढे थंड बिअर आणि ऑलिव्हची बशी सरकवली.

"पुढच्या वर्षी बघ, तुला..."

"पुढच्या वर्षी भालाच."

"मग सोड की! काय ठेवलंय त्या भाल्यात?"

त्याने एक ऑलिव्ह तोंडात टाकलं. मला राहवेना. "बरं, मग इथं तरी म्हण ते वाक्य. अगदी तिथं म्हणणार होतास तसं. शपथ घेतो, कुणी हूं की चूं करणार नाही."

बारवाल्याने टीव्ही बंद केला. पत्ते खेळणाऱ्यांनी पानं पालथी ठेवली. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

एमेतेरिओने ऑलिव्हची बी बशीत टाकली आणि म्हणाला, "इथं राणी कुठाय?"