नऊवारीवरची चड्डी

पाऊस वरून पडतो, असं मी दुसरीच्या मुलांना शिकवायचे. सायकलवर बसलेल्या माणसाला तो खालून लागतो, हे मला चाळिशीला टेकल्यावर कळलं. मागचं चाक वाटेवरचं लाल पाणी उचलतं आणि नेमकं बसायच्या जागी आणून देतं. मडगार्ड असतं तर अडलं असतं. पण सायकल माझ्या मुलाची. जाड टायरची, आडव्या दांड्याची, तेव्हा नव्यानेच निघालेली. आमच्याकडची चिकण माती मडगार्डात बसून चाक जाम व्हायचं, म्हणून त्याने ती दोन्ही काढून टाकली होती. पुढे तो पुण्याला शिकायला गेला आणि सायकल आईला मिळाली.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आहुप्याच्या अलीकडे डोंगरातल्या एका वाडीवर मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. एसटी खालच्या गावापर्यंतच यायची. तिथे खोली घेऊन मी राहायचे आणि माझ्या सोबतीला माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. आमचे मालक बोरी बुद्रुकला शेती बघायचे आणि अधूनमधून शनिवारी यायचे.

खोलीपासून शाळेपर्यंत सगळा कच्चा चढ. जाताना निम्म्या वाटेला मीच सायकलला हाताला धरून न्यायचे. ओलं लुगडं घेऊन दिवसभर खुर्चीवर बसायचं. शाळेची खोली एक, दुसरे एक गुरुजी, कपडे बदलायला आडोसा नाही. एका पावसाळ्यात मी दोनदा तापाने पडले. मालकांनी सांगून टाकलं, "आता तिसऱ्यांदा पडलीस तर बदलीचा अर्ज. नारायणगावच्या बाजूला सपाटीवर शाळा काय कमी हायेत?"

मला बदली नको होती. सगळ्यांना वाटायचं, बाईंचा वाडीच्या पोरांवर जीव आहे. होताच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. शाळा सुटली की तो अख्खा उतार माझा असायचा. पायडलवरून पाय उचलायचे आणि सायकल सोडून द्यायची. मोठ्या मुलाची आई, पदर कमरेला खोचलेला, आणि तोंडाने रेड्यासारखी आरोळी. सपाटीवर हे सुख कुठून मिळणार?

दांड्याच्या सायकलवर पाचवारीचं काम नाही. म्हणून आत्यांकडून काष्ट्याचं नऊवारी नेसायला शिकले. केंद्रप्रमुख शाळा बघायला आले तेव्हा भारावून म्हणाले, "हल्लीच्या बायका लुगडं विसरल्या. बाई, तुम्ही परंपरा जपताय." मी मान खाली घालून लाजले. परंपरेचं कारण बाहेर भिंतीला टेकून उभं होतं.

तर पावसात चालेल अशी चड्डी घ्यायची, असं मी ठरवलं. रविवारी आत्यांना घेऊन जुन्नरच्या बाजारात गेले. दुकानात रेनकोट, घोंगड्या, ताडपत्र्या टांगलेल्या.

"पावसाची चड्डी आहे का?"

"फुल पँट हाय, ताई. पावसात चड्डी कोन घालतंय? कोनाला पायजे?"

"भाच्याला," मी ठोकून दिलं.

"माप?"

मी अंदाजाने दोन्ही हात पसरले. दुकानदार हातांमधल्या अंतराकडे बघत राहिला. "पैलवान हाय का काय भाचा?"

"पैलवानच हाय," आत्या म्हणाल्या. "पोटापुरती मास्तरकी करतोय."

सगळ्यात मोठी रेनकोटची पँट घेऊन आलो. फुल पँटचा उजवा पाय साखळीत जातो, म्हणून ती गुडघ्याखाली कापली. शिवणाच्या परीक्षेत मला पहिला वर्ग मिळाला होता आणि पहिला वर्ग मिळालेली बाई कोणाला काही विचारत नाही. चिखल आत जाऊ नये म्हणून दोन्ही गुडघ्यांना घट्ट इलॅस्टिक घातलं. एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? नीटनेटकं दिसावं म्हणून रेनकोटसुद्धा चड्डीत खोचला.

दुसऱ्या दिवशी धो धो. निम्मा चढ चढले तेव्हा मांड्या जड वाटायला लागल्या. मला वाटलं, वय झालं. शाळेजवळ पोचले तर पाय उचलेना. रेनकोटवरून ओघळलेलं सगळं पाणी कमरेतून आत शिरलं होतं आणि इलॅस्टिकने ते गुडघ्याशी धरून ठेवलं होतं. दोन्ही पायांना दुधाच्या किटल्या बांधल्यासारखी मी ओसरीपर्यंत चालत गेले. पोरं प्रार्थनेला उभी. मी वाकून एका पायाचं इलॅस्टिक सैल केलं मात्र, भसाभस पाणी ओसरीभर.

पहिलीतली एक पोरगी ओरडली, "बाईंचं धरान फुटलं!"

प्रार्थना बुडाली. गुरुजी भिंतीवरच्या नकाशात काहीतरी महत्त्वाचं शोधायला लागले.

संध्याकाळी खोलीवर येऊन ती चड्डी उलटी करून बघितली. पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच शहाणपण मी केलं होतं. आलेलं पाणी जाणार कुठून याचा विचार नव्हता. शिवाय पँटची शिवण बरोबर बसायच्या जागी आलेली. सुईच्या प्रत्येक भोकातून चाकाचं पाणी आत. म्हणजे वरूनही आलं आणि खालूनही. पहिला वर्ग!

मी शिंकत बसले होते आणि समोर पाण्याची घागर. घागरीखाली लाल रबरी मेणकापड होतं, मुलाच्या पाळण्यातलं. आत्या कुठलीच वस्तू टाकत नसत. माझ्या डोक्यात उजेड पडला. लेकराचं पाणी जे कापड गादीत जाऊ देत नाही, ते चिखलाचं पाणी बाईच्या लुगड्यात कशाला जाऊ देईल?

"आत्या, हे मला द्या."

"आगं, त्याच्यावर तुझ्या ल्योकानं वरीसभर मुतून घेतलंय."

"म्हणूनच. परीक्षा दिलेलं कापड आहे."

मागच्या कमरेपासून पुढच्या कमरेपर्यंत मेणकापडाचा एकच तुकडा घेतला, बसायच्या जागी शिवण येऊच दिली नाही. मांड्यांवर मोडक्या छत्रीचं काळं कापड लावलं. हलकं आणि पाणी न धरणारं. गुडघे मोकळे, घेर परकराएवढा. पोटऱ्या भिजल्या तर भिजू देत, पोटऱ्यांवर कोण बसतंय? वर नाडी. आणि रेनकोट चड्डीवरून सोडायचा, आत खोचायचा नाही. लाल बुडाची ती काळी चड्डी मी लुगड्यावरून चढवली, तेव्हा आत्या पदर तोंडात कोंबून हसत बसल्या.

धरण फुटल्याची बातमी एसटीच्या कंडक्टरने बोरीला पोचवली होती. हे मला माहीत नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा करून आले तर पावसाने नेमकी उघडीप दिलेली. चड्डीची परीक्षा कशी घ्यायची? मग आम्ही परसात पाऊस पाडला. सायकल स्टँडवर लावली, मागचं चाक अधांतरी. मी वर बसून पायडल मारत होते आणि आत्या बादलीतलं गढूळ पाणी तांब्याने त्या चाकावर ओतत होत्या. निम्मं माझ्या बुडाखाली, निम्मं आत्यांच्या तोंडावर.

"जोरात, आत्या!"

"मेले, माझ्या डोळ्यात चिखोल गेला!"

तेवढ्यात मालक दारात. शर्टाच्या खिशात बदलीचा अर्ज, लिहून तयार; फक्त माझी सही राहिलेली.

"हे काय चाललंय?"

"पाऊस पाडतोय," आत्या म्हणाल्या. "तू बाजूला व्हय, भिजशील."

"आन् हे काय घातलंय?"

"चड्डी," मी म्हणाले.

"लुगड्यावरनं?"

"मग? लुगडंच भिजतं ना."

त्यांचा हात खिशातल्या अर्जाकडे गेला. मी उतरले, नाडी सोडली, चड्डी काढून दोरीवर टाकली आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. "कोरडी आहे मी. नाही करणार सही."

"तू तर तापातबी मला काय झालं नाही म्हणत व्हतीस. तुझ्यावर कोन विश्वास ठेवंल?"

"मग स्वतः बघा."

आता आली पंचाईत. आईसमोर बायकोकडे नीट बघायचीही चोरी, तिथे हे असलं चाचपून बघायचं! मालकांचे कान लाल झाले. आत्यांनीच तोड काढली. "मी भिताडाकडं तोंड करते. बघून घे एकदाचं." आणि खरंच पाठ करून उभ्या राहिल्या.

मालकांनी दोन बोटं लावली. मग पूर्ण हात. "कोरडं हाय की," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"पुन्हा एकदा बघा," मी म्हणाले. "घाई नको."

"झालं का न्हाई?" आत्या भिंतीला म्हणाल्या. "का मी हितंच मुक्काम करू?"

मालक हसले. आईसमोर हसलेले मी पहिल्यांदाच बघितले. खिशातला अर्ज त्यांनी काढला नाही, मीही विचारलं नाही. ते सायकलपाशी उकिडवे बसले, पुढचा ब्रेक दोनदा दाबून बघितला आणि चाकाकडे बघतच बोलले, "ब्रेकचं रबर पार झिजलंय. उताराला कशी थांबतीस?"

"थांबतच नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. बहुतेक तेव्हाच त्यांना सगळं कळलं.

"पुढच्या शनवारी नवीन रबर आनतो," ते म्हणाले. "तवर जरा बेतानं."