नागपूरहून आलेला आवाज

कृष्णराव मूळचे भंडाऱ्याकडचे. फौजेत वायरलेसवर होते. तिथून सुटले आणि भिलाईचा कारखाना उभा राहत असताना तिथल्या बिजलीच्या खात्यात लागले. वायरलेसचा नाद मात्र सुटला नाही. रीतसर परवाना काढून, भंगारातले व्हॉल्व्ह जमवून त्यांनी क्वार्टरमध्ये स्वतःचा रेडिओ सेट बांधला. सुटीच्या दिवशी त्यावर नागपूरच्या मारोतरावांशी गप्पा चालत. मारोतराव शाळामास्तर, त्यांनाही हाच नाद. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं.

साठ सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी वादळ आलं. मजुरांच्या कॅम्पातली टिनाची छपरं उडाली, माणसं जखमी झाली, तारेचे आणि टेलिफोनचे खांब दूरवर आडवे झाले. रेल्वेतल्या प्रवाशांनी बातमी नागपूरकडे नेली, ती वाढवूनच: भिलाईत अख्खा कॅम्प गाडला गेला म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकवाला फकिरा आपल्या ट्रकची बॅटरी घेऊन दारात हजर झाला. वीज नव्हती, पण कृष्णरावांचा सेट बॅटरीवरही चालत असे. नागपूरला हाक दिली, तर मारोतराव जणू वाटच पाहत बसले होते. आधी दवाखान्याचा निरोप गेला. धनुर्वाताची इंजेक्शनं संपत आली होती. मग कॅम्पातली माणसं यायला लागली. कोणाची माय कामठीला, कोणाचा भाऊ इतवारीत. ‘जिवंत आहे, काळजी करू नका’ एवढंच प्रत्येकाला कळवायचं होतं. मारोतराव निरोप घेत आणि शाळेतल्या सोबत्यांना सायकलवर पिटाळत.

कृष्णरावांची बायको सत्यभामा तेव्हा नागपुरातच होती, बाळंतपणाला माहेरी गेलेली. सासुरवाडीचं घर कुठं आहे, हे मारोतरावांना आधीच्या गप्पांतून ठाऊक होतं. पण दारात एवढी माणसं ताटकळत असताना आपला निरोप मधे घालायचा त्यांना धीर होईना.

ऊन कललं तेव्हा मारोतरावांचा आवाज आला. “कृष्णराव, तुमच्या सासुरवाडीले जाऊन आलो. ताई काल बाळंत झाल्या. पोरगी हाय, दोघी बऱ्या हायेत. तुमी खुशाल हाय मनून सांगतलं, तवा कुठं त्या जेवल्या.”

कृष्णरावांनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले. फकिरानं विचारलं, काय झालं. त्यांनी सांगितल्यावर रांगेतल्या भीमाबाई पुढे आल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. भीमाबाईंचं स्वतःचं छप्पर कालच उडालं होतं.

रजा मिळताच कृष्णराव बायको-मुलीला घेऊन मारोतरावांकडे गेले. भारदस्त आवाजाचा माणूस निघाला अगदी किडकिडीत.

“मी तर तुमाले सांगतलंच नव्हतं,” कृष्णराव म्हणाले. “मंग तुमी गेले काहून?”

“तुमी सांगतलं नाही, मनूनच,” मारोतराव म्हणाले.

सत्यभामेनं पुढे होऊन लेक त्यांच्या मांडीवर ठेवली. कृष्णराव वाकून पाया पडायला गेले, तर मांडीवरचं बाळ सांभाळत मारोतरावांनी एका हातानं त्यांना अडवलं आणि शेजारी बसवून घेतलं.