बंडूजींचा उघडा हात

सेलूकडच्या बंडूजींनी उभी हयात वांगी-टोमॅटो पिकवले. शेत मुलानं हाती घेतल्यावर ते गावाशेजारच्या अणुसंशोधन केंद्रात सफाईला लागले. तिथं दोन पुरुष उंचीचं, आतून पोकळ असं पोलादी कडं होतं. त्यातली हवा काढून, चिमूटभर वायू सोडून, सूर्याच्या पोटात चालतं तसलं काम इथं करून पाहायचं होतं. कडं आतून पुसायचं काम बंडूजींकडे. उघडा हात मात्र लावायचा नाही. बोटाचं तेल लागलं तरी आतली निर्वात पोकळी नासते.

"म्हणजे लोणच्याच्या बरणीवानी," त्यांची बायको कुंताबाई म्हणाली.

"बरणीले ओला हात चालत नाई. याले कोरडाबी चालत नाई."

कडं बंद करायच्या दिवशी अखेरचं पुसून बंडूजी बाहेर आले आणि थबकले. वावरातून निघताना मातीला हात लावून कपाळाला लावायची जन्माची सवय. हातमोजा घालून पाया कसं पडायचं? त्यांनी मोजा काढला, आतल्या पोलादाला हात लावला, कपाळाशी नेला. मग काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं.

कुणी पाहिलं नव्हतं. झाकण खाली येत होतं. सांगितलं तर नोकरी जाणार, आणि गप्प राहिलं तर सगळ्यांची मेहनत मातीत.

"थांबवा जी!" बंडूजी ओरडले.

तिथल्या शास्त्रज्ञ रंजिता मॅडम धावत आल्या. त्या मूळच्या इकडच्याच, देवळीच्या.

"काय झालं, बंडूजी?"

"उघडा हात लागला, मॅडम."

"काऊन लावला?"

"पाया पडलो."

मॅडम कड्याकडे वळल्या. "कुठं पडले ते दाखवा. अन् पुढच्या टायमाले दुरूनच हात जोडा जी!"

त्या दिवशीचं काम थांबलं. मोठे साहेब चिडले. मॅडम म्हणाल्या, "यांनी सांगितलं म्हणून कळलं, साहेब. आता पुसतीलही तेच." बंडूजींनी स्पिरिटनं ती जागा पुन्हा पुन्हा पुसली. झाकण बसलं, पंप चालले, पोकळी टिकली.

पहिल्या चाचणीला मॅडमनी त्यांना कड्याच्या आतलं दाखवणाऱ्या पडद्यासमोर बोलावून घेतलं. पडदा काळा होता. एकाएकी त्यात गुलाबी कडं उजळलं आणि पापणी लवायच्या आत विझलं. टाळ्या वाजल्या.

"गेलं?" बंडूजींनी हळूच विचारलं.

"गेलं. पण तेवढ्यात आत लाखो अंश ताप होता."

"अन् पोलाद वितळलं नाई?"

"तापलेल्या वायूले चुंबकानं अधांतरी धरलं होतं. भिंतीले लागूच दिलं नाई."

बाजूला खुर्ची रिकामी होती. तरी बंडूजी पडद्यासमोर खाली फरशीवरच बसले.

"अजून एक डाव होते का, मॅडम?"

"होते ना. घंटाभर लागंल."

"लागू द्या," ते म्हणाले, आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिले.