बहात्तर नंबरवरची आपली माणसं

दाभोळहून मुंबईची एसटी सुटली तेव्हा आईनं डोक्यावरची माशांची पाटीसुद्धा उतरवली नाही. एक हात कमरेवर ठेवून सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मेल्या, परक्या मुलखात कुणाच्या तोंडी लागू नको हां! तुझी जीभ माझ्यावर गेलीय!" सगळे हसले, मीपण हसलो. रडायला आलं की आमच्याकडे असंच ओरडतात.

हे मी थोरल्या बहिणीसाठी, आक्कासाठी लिहितोय. आणि माझ्यासारखे जे जहाजावर गेले त्यांच्यासाठीही.

तेव्हा आखातात लढाई चालू होती. माल उतरवायचा नंबर लागेपर्यंत आमचं जहाज नांगर टाकून आठवडेच्या आठवडे उभं. मी सुकाणी, पण उभ्या जहाजाला कसलं आलंय सुकाणू? ब्रिजवरची ड्यूटी म्हणजे रेडिओ ऐकत बसणं. त्याच्या बहात्तर नंबरच्या चॅनेलवर आजूबाजूच्या जहाजांवरचे मराठी खलाशी जमायचे. खरं नाव कुणी सांगायचं नाही, पकडलं तर नोकरी गेली. मी पापलेट, दुसरा एक खेडवाला, असं काहीबाही. क्रिकेट, गिरण्यांचा संप, बांगडा तळलेला बरा की तिखल्यातला, सगळ्यावर मतं. आणि पटलं नाही की थेट आईबाप काढायचे. तोंडं कधी बघितली नाहीत, पण गाव सुटल्यावर मी पोट धरून हसलो तो तिथंच. आणि हसवायला माझ्याकडे भांडवल एकच, आई. ती गिऱ्हाइकाला कशी झाडते, हिरवं लुगडं कसं खोचते, उजवा पाय कसा ओढते, सगळं मी नकला करून सांगायचो.

एका दुपारी रेडिओ ऑफिसरनं घरून आलेला निरोप वाचून दाखवला. आई सीरियस, ताबडतोब निघ. आता आपल्याकडे माणूस गेल्याची तार कधी 'गेला' म्हणून येत नाही. सीरियस म्हणूनच येते, वाटेत कुणी छाती फोडून घेऊ नये म्हणून. हे प्रत्येक चाकरमान्याला ठाऊक असतं, मलाही होतं. पण स्वतःच्या आईची आली की वाटतंच की, सीरियस म्हणजे सीरियसच असेल. कप्तान भला माणूस. म्हणाला, उद्या सकाळी लाँच किनाऱ्यावर जातेय तीत बस, पुढे विमानानं पाठवतो.

मला राहवेना. बहात्तर लावला आणि सांगितलं. मग खेडवाला बोलला, "अरे वेड्या, मी आत्ताच रजेवरनं आलोय. बहिणीकडे दाभोळला होतो. हिरवं लुगडं, उजवा पाय ओढते, तीच ना तुझी म्हातारी? ताप येऊन गेलेला, आता ठणठणीत आहे. मला दोन शिव्या घातलेन आणि बांगडे दिलेन."

मी रडलो, आक्का, आनंदानं. कप्तानाला जाऊन सांगितलं, लाँच नको. मागे रेडिओवर सगळे एवढे का खिदळतायत, ते डोक्यात शिरलं नाही. दाभोळ, हिरवं लुगडं, ओढता पाय, सगळं त्यांना मीच पुरवलं होतं, तेही नाही.

लढाईपायी घरची पत्रं जहाजापर्यंत पोचतच नव्हती. कंत्राट संपल्यावर नवं लुगडं घेऊन घरी गेलो. आक्कानं दार उघडलं, हातातल्या लुगड्याकडे बघितलं आणि माझ्या कानफटात दिली. निरोप धाडला तेव्हा आई गेलेलीच होती. एकुलता एक मुलगा, दहाव्याला तरी पोचेल म्हणून सगळे माझी वाट बघत होते. पिंडाला कावळा शिवेना. भावोजींनी हात जोडून सांगितलं, तो निघालाय, वाटेत आहे. तरी शिवेना. दुपार टळली, माणसं उपाशी, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. "आणि तू तिकडे काय करत होतास रे?" आक्कानं विचारलं.

हसत होतो, आक्का. त्याच मेल्यांबरोबर हसत होतो.

गावात कुणी आईची टिंगल केली की संध्याकाळच्या आत ती त्याच्या दारात उभी असायची, आणि तो घरात लपला तर त्याच्या बापाला बाहेर यावं लागायचं. घर म्हणजे मला आता एवढंच वाटतं, की बोलणाऱ्याचं दार ठाऊक असतं. खेडवाल्याचं दार मी कुठं शोधू? अख्खं खेड पालथं घातलं असतं, पण भाड्या खेडचा तरी होता का?

पुन्हा जहाजावर गेलो, दुसरं काय येत होतं मला! पुन्हा तेच आखात. बहात्तर लावायचा नाही असं ठरवलं होतं. पण महिना महिना मराठी कानावर पडत नाही तेव्हा माणूस काहीही करतो. लावला.

खेडवाल्यानं आवाज ओळखलाच. "काय पापलेट, म्हातारी काय म्हणते?" मागे तेच खिदळणं.

"बरी आहे," मी म्हटलं. "रोज येते माझ्याकडे. तुझं खरं नाव विचारते."

खिदळणं थांबलं. नुसती खरखर. मी पुन्हा बटण दाबलं.

"सांग की रे. इथंच उभी आहे ती."