डुबकीचा चौथा बाप्तिस्मा

त्या प्लंबरला सगळे डुबकी म्हणत, आणि ते काही उगीच नव्हतं. माणसं आयुष्यात एकदाच बाप्तिस्मा घेतात. ह्या गृहस्थानं तीनदा घेतला होता. तेही तीन वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांत, दर वेळी आधीच्याबद्दल मूग गिळून. सगळा घोळ त्याच्या तोंडाचा. पट्टा सुटला की समोर कोण आहे ते त्याला दिसत नसे. मग पश्चात्ताप, मग आपलं तारण, प्रभूनं दिलेली मुक्ती, हातचं गेलं ही धास्ती, मग अन्न गोड लागेना. पाण्याखाली जाऊन आला की काही दिवस स्वारी लोण्यासारखी मऊ, आणि पुढे गाडी मूळ पदावर.

त्या सकाळी त्याचा मोठा पाना सापडत नव्हता. बायको मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती, तिचे वडील चहा पीत होते.

"तुझ्या डोक्यात भुसा भरलाय का? बाप तसा, लेक तशी," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. पाना डुबकीच्याच पिशवीत निघाला. बायको रडली नाही, भांडली नाही. तिनं मशीन बंद केलं, कपाटावरची बॅग काढली आणि कपडे भरू लागली.

"संध्याकाळी ताईकडे जातेय. बाबांनाही नेते."

"परत कधी येणार?"

तिनं बॅगेची चेन ओढली. भांडण त्याला झेपलं असतं, हे झेपेना.

काम होतं प्रार्थनाघरात. वेदीपुढच्या फळ्या उचलल्या की खाली बाप्तिस्म्याचा हौद. त्यात पाणी ठरत नव्हतं आणि रविवारी बाप्तिस्मे होते. डुबकी हौदात उतरला खरा, पण हात चालेना. एकच नट तीनदा उघडला, तीनदा आवळला. डोळ्यांपुढे ती बॅग.

"कोणत्या गाढवानं बसवलाय हा वॉशर?" तो ओरडला.

"तुम्हीच. मागच्या वर्षी," पाळक म्हणाले. ते वर बसून फळ्या पुसत होते.

जरा वेळानं हौदातून आवाज आला, "पाळकसाहेब, रविवारी मलाही घ्या पाण्यात."

"तुमचा झालाय ना?"

"झालाय." मग खाली मान घालून, "तीनदा."

फडकं थांबलं.

"टिकतच नाही हो माझ्यात. प्रभूला मी मनापासून मानतो. मग आज सकाळी बायकोला नाही नाही ते कसं बोललो? खरा विश्वास असता तर बोललो असतो का?"

"परवा मी आपल्या मंडळीच्या सेक्रेटरींवर असाच ओरडलो," पाळक म्हणाले. "चांगले वागलात म्हणून तारण मिळालं होतं का तुम्हाला? मग चुकलात म्हणून ते कोण काढून घेईल? पण म्हणून वाटेल ते बोलायची मोकळीकही नाही. बायकोची माफी मागितलीत?"

"देवाची मागितली. सकाळपासून मागतोय."

"मी बायकोचं विचारलं."

"पाण्यात घ्यायचं नसेल तर तसं सांगा ना!" डुबकीनं पाना भिरकावला. मग स्वतःच जाऊन उचलला. त्याला स्वतःची शिसारी आली. बायकोची माफी त्यानं एकदाही मागितली नव्हती. पाणी सोपं होतं. ओलं डोकं घेऊन घरी जायचं, तिला समजायचं ते समजू दे.

त्यानं नवा वॉशर बसवला आणि हौद भरेपर्यंतही न थांबता घर गाठलं. बॅग दाराशी होती. आधी तो सासऱ्यांसमोर उभा राहिला.

"बाबा, सकाळी मी फार वाईट बोललो. पाना माझ्याच पिशवीत होता."

म्हातारा बूट घालत राहिला. डुबकी बायकोकडे वळला.

"माझं चुकलं. आजचं, आणि आधीचंही. तीनदा पाण्यात गेलो, तुझ्याकडे एकदाही आलो नाही."

"पाण्यातून आलात की तुम्ही गोड वागता ना," ती म्हणाली, "मला त्याच दिवसांची जास्त भीती वाटते. कधी संपतील ते कळत नाही."

तिनं बॅग उचलली.

"उद्या पुन्हा ओरडाल."

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. पाण्यात उभं राहून त्यानं ते तीनदा म्हटलं होतं.

"ओरडेन बहुतेक," तो म्हणाला. "पण मग तुझ्याकडेच येईन. माफी मागायला."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या विजारीला हौदातला गाळ लागला होता, केस मात्र कोरडे होते.

"मी आज जाणारच आहे," ती म्हणाली आणि बॅग त्याच्या हातात दिली. "स्टँडपर्यंत धरा. आणि उद्या तिकडे या. असेच, कोरड्या डोक्यानं."