चादर वाळेपर्यंत

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी एका ग्रीक माणसाच्या नादी लागले. माणूस सिनेमे काढणारा होता आणि कधीच वारलेला होता, म्हणून घरात फारसं बिघडलं नाही.

नात पुण्याला सिनेमा शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिने त्याचे सातही सिनेमे माझ्या लॅपटॉपवर टाकले आणि म्हणाली, "आजी, तुला झेपायचे नाहीत हं." रोह्याच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला असं म्हणायचं नसतं. पहिल्याच सिनेमात मी तीनदा झोपले. लोकांना मात्र 'त्या लयीत विरघळले' असं सांगितलं. महिन्याभरात रोह्यालगतच्या वरसे गावातल्या आमच्या इमारतीत मी ग्रीक सिनेमातली अधिकारी व्यक्ती झाले. दुसरी कुणी नव्हतीच.

मग चाळीस पानी वही आणून त्याचं चरित्र लिहायला घेतलं. बंदरावरच्या गावात जन्म. लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या दुकानात कॅमेरा शिकला. पहिला सिनेमा बघायला फक्त नातेवाईक आले, तेही मध्यंतरात घरी गेले. दुसरा लष्करी सरकारने डब्यात घालून ठेवला. म्हातारपणी जगभर कौतुक झालं, तेव्हा हा पठ्ठ्या बक्षीस घ्यायला मळक्या कोटात गेला. एवढं पाच पानांत आटोपलं. उरलेल्या पानांत माझे विचार. आमचे हे वही चाळून म्हणाले, "अगं, यात तो कुठाय? सगळीकडे तूच दिसतेस." मी त्यांना दोन दिवस बिनसाखरेचा चहा दिला.

पण वही कपाटात ठेवून काय उपयोग? मला व्याख्यान द्यायचं होतं. माझी धाकटी बहीण पेणला दिलेली, त्यांचा गणपतींचा कारखाना. तिथल्या शेडमध्ये दर महिन्याला एक सिनेमा दाखवायचा आणि आधी मी बोलायचं, असा बेत मी तिला ऐकवला.

"ताई, आमची माणसं रविवारची झोपतात गो," ती म्हणाली. "एकदा दाखव. शेवटपर्यंत बसली तर महिन्यातून एक रविवार शेड तुझी. उठून गेली तर तुझा ग्रीक काखोटीला मारायचा आणि एसटीत बसायचं."

गणपती होऊन गेले, शेड मोकळी झाली. रविवारी दुपारी खिडक्यांना गोणपाटं लावली, लॅपटॉपला भाड्याचा प्रोजेक्टर जोडला आणि पांढऱ्या भिंतीचा पडदा केला. तीसेक माणसं बसली. साच्यांवरची माणसं, रंगकाम करणाऱ्या बायका, आणि सगळ्यांच्या पुढे आखणीवाले काका. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. कारखान्यात ते काम त्यांचं एकट्याचं, त्यामुळे त्यांच्या कपाळाला आठी पडली की मालकही गप्प बसतो.

मी रेशमी साडी नेसून पाऊण तास बोलले. 'काळाची संकल्पना' सुरू झाली तेव्हा काका उठून पाणी पिऊन आले.

सिनेमा होता दर्यावर गेलेल्या खलाशाच्या बायकोचा. संवाद मोजकेच, ते मी खालच्या इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगत होते. मध्यावर ती धक्क्यावरच्या दोरीला ओली चादर घालते आणि मागच्या बाकावर बसते. बस्स. चादर, बाई, समुद्र. कॅमेरा हलत नाही. हे अठरा मिनिटं चालतं, हे मला वाचून ठाऊक होतं. घरी याच जागी मी विरघळायचे. शेडमध्ये चिडीचूप. मला वाटलं, आता एकेक जण चपला शोधणार. गेली आपली शेड! मी हळूच लॅपटॉपशी गेले आणि सिनेमा पंधरा मिनिटं पुढे ढकलला.

चादर गायब. बाई रस्त्याने चाललेली.

"ओ बाई!" काका कडाडले. "काय केलंत?"

"काही नाही, जरा लांबण होती ती..."

"मागं घ्या. चादर वाळली का नाय ते बगायचं हाय आमाला."

"खालची कड ओली व्हती अजून," मागून एक रंगवाली म्हणाली. "आत्ता कुठं वारा फिरला व्हता."

"व्हय. तुमी खाली बसा बगू, बाई. मधी येता."

मूर्तीची माती आतपर्यंत सुकली की नाही, हे नुसत्या रंगावरून ओळखणारी ही माणसं. सुकण्याकडे लक्ष ठेवणं हे त्यांचं रोजचं काम. आणि मी त्यांना धीर धरायला शिकवायला गेले होते!

सिनेमा मागे घेतला आणि रेशमी साडीसकट जमिनीवर बसले. ती अठरा मिनिटं मी पहिल्यांदाच जागेपणी पाहिली. चादर आधी जड लोंबते. मग एक कोपरा हलतो. मग ती फुगते, मागची बाई झाकली जाते, पुन्हा दिसते, आणि दर वेळी तिचा चेहरा जरासा निराळा असतो. शेवटी ती उठते, चादरीला गाल लावून बघते आणि घडी घालते.

"वाळली," रंगवाली पुटपुटली.

सिनेमा संपेपर्यंत एकही जण उठला नाही. दिवे लागल्यावर काका माझ्याकडे वळले.

"ह्यो सिनेमा काडणाऱ्याची आय काय करायची ओ?"

वहीत ते एका ओळीत लिहिलेलं होतं. "धुणी धुवायची. बंदरावरच्या खलाशांची."

"मंग बराबर हाय," काका म्हणाले. "बगितलेलंच दावलंन त्यानं."

बाकीची एकोणचाळीस पानं कुणी विचारली नाहीत.

बहीण दारात हसत उभी होती. "शेड तुझी गो ताई. पण माणसांनी एक अट घातलीय. आधीचा पाऊण तास नको. नंतर त्याचं गाव, आईबाप, एवढंच सांगायचं."

मी मान्य केलं. शेड हवी होती ना! आता महिन्यातून एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन पेणला जाते, सिनेमा लावते आणि गप्प बसते. मधेच काही सुचून मी घसा साफ केलाच, तर काका मागे न बघता नुसता हात वर करतात.