वजा चाळीस

दवाखान्यात दोन सिस्टर होत्या तेव्हापासून त्यांना सगळे थोरल्या सिस्टर म्हणत. धाकटीची बदली झाली, तिच्या जागी कोणी आलं नाही, तरी या थोरल्याच राहिल्या. सत्तावीस वर्षं एकाच जागी उभं राहिल्यावर माणूस थोरला होणार नाही तर काय होणार? पायही थोरले झाले होते. संध्याकाळी चपला काढल्या की पट्ट्यांचे वळ तासभर जात नसत.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. व्हरांड्यात बाकं, पहिल्या खोलीत सिस्टर, दुसरीत डॉक्टर. मोठी दुखणी इथे थांबत नाहीत, त्यांना गाडीत घालून मोठ्या इस्पितळात धाडतात. इथे उरतं ते रोजचं. खोकला, खरूज, पोटातला मुरडा, आलेले डोळे, कानातला मळ, चिघळलेला अंगठा, आणि एखाद्या पोरीने नाकात घालून ठेवलेला मणी. तो मणी चिमट्याने काढावा, पोरीने मणी परत मागावा आणि आईने कपाळाला हात लावावा, हे सिस्टरांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की आता त्यांना हसूही येत नसे.

डॉक्टरपुढे जाण्याआधी प्रत्येकाने सिस्टरांपुढे बसायचं. वजन, ताप, प्रेशर मोजायचं आणि केसपेपरवर लिहायचं. डॉक्टर दोन-तीन वर्षांनी बदलत. आकडे मात्र सिस्टरांचे असत, आणि त्या आकड्यांवर लोकांचा भारी विश्वास होता. डॉक्टरांनी सांगितलेलं माणूस घरी जाईपर्यंत विसरे. सिस्टर 'काही नाही, जा' म्हणाल्या की त्याचं निम्मं दुखणं तिथेच पळे.

त्यांची एक शिस्त होती. दार उघडलं की पहिला रुग्ण आत घेण्याआधी प्रेशरचं यंत्र स्वतःच्या दंडाला लावायचं. त्यांचं प्रेशर एकशे वीस आणि ऐंशी. नोकरीला लागल्या तेव्हा तेवढं होतं आणि पुढेही तेवढंच असायचं, म्हणून त्यांनी स्वतःलाच माप ठरवून टाकलं होतं. दुकानदार एक किलोचं वजन ठेवून काटा तपासतो, तसं. शेवटची काही वर्षं तर पारा कुठवर चढतो हेही त्या नीट बघत नसत. चढतो की नाही एवढंच बघत. आकडा त्यांना तोंडपाठ होता ना.

मग पाऱ्याची यंत्रं वरच्या ऑफिसने परत नेली आणि बॅटरीवरचं नवं मशीन आलं. पहिल्याच सकाळी त्याने सिस्टरांचा आकडा दाखवला एकशे सेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी एकशे पंचेचाळीस. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी निकाल दिला की मशीन पंचवीसने जास्त दाखवतं.

सध्याच्या डॉक्टरीणबाईंच्या कानावर त्यांनी घातलं होतं, नाही असं नाही. पण बाई तेव्हा एका बाळाच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून बसल्या होत्या, बाळ बेंबीच्या देठापासून रडत होतं आणि बाहेर सत्तर माणसं होती. बघा तुम्ही, असं त्या म्हणाल्या आणि सिस्टरांनी बघितलं. तक्रारीचा अर्ज लिहायचा, तो चार टेबलं फिरणार, तोवर मशीन जाणार आणि हातावर हात ठेवून बसायची वेळ येणार. त्यापेक्षा वजाबाकी सोपी. त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा कापला, त्यावर 'वजा २५' लिहिलं आणि तो मशीनच्या पाठीला डकवून टाकला. खालच्या आकड्यातून अंदाजाने दहा-पंधरा कमी करायचे. त्या दिवसापासून जो कोणी समोर बसे त्याचा आकडा त्या मनात कमी करत आणि तेवढाच लिहीत. हे सगळं त्या अगदी डोळ्यांत तेल घालून करत, हीच तर खरी गोम आहे. कामचुकार बाई असती तर मशीनने दाखवलं ते लिहून मोकळी झाली असती.

पाच महिन्यांनी मशीन सिस्टरांना एकशे साठ दाखवायला लागलं. आणखीच बिघडलं मेलं, असं पुटपुटत त्यांनी जुनी पट्टी सोलून नवी लावली. वजा ४०.

स्वतःचं दुखणं असं त्यांना काही नव्हतं. सकाळी डोकं जड असायचं, ते झोप पुरत नाही म्हणून. घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर धाप लागे, तेव्हा त्या पिशवीत किल्ली शोधल्यासारखं करत उभ्या राहत. लेकीच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. एकदा कोणाला तरी दाखवून घे, असं ती महिनाभर मागे लागली होती. सिस्टर म्हणाल्या, कोणाला दाखवू, सगळे तर मलाच दाखवतात. लेक हसली नाही. सिस्टरांना मात्र आपला विनोद आवडला होता.

दवाखान्यात तोवर आनंदीआनंद. प्रेशरवाल्यांचे आकडे एकामागून एक खाली येत होते. डॉक्टरीणबाई गोळ्या कमी करत होत्या, रुग्ण खूश होते, आणि वरच्या ऑफिसातून शाबासकीचं एक पत्रही आलं. ते सिस्टरांच्या खोलीतच लावलं होतं.

मागच्या गल्लीतला शिंपी गोळ्या कमी झालेल्यांपैकीच. दहा वर्षांचं प्रेशर, रोजच्या दोन गोळ्या. दोनाची एक झाली, एकाची अर्धी. माणूस गरीब स्वभावाचा, सिस्टरांच्या शब्दाबाहेर नाही. मान आखडते, कानशिलं ठणकतात, असं त्याने दोन-तीनदा सांगितलं. प्रेशर तर केसपेपरवर एकशे अठ्ठावीस. सिस्टर म्हणाल्या, बारीक टाके घालता दिवसभर, चष्म्याचा नंबर बदलला असेल. त्याने मुकाट्याने नवा चष्मा केला.

एका सोमवारी सकाळी त्याची बायको त्याला धरून घेऊन आली. तोंड एका बाजूला किंचित ओघळलं होतं आणि उजवा हात लोंबत होता. सुई हातातून सारखी पडतेय म्हणाला, आणि 'सुई' शब्द त्याला दोन खेपेत म्हणावा लागला.  सिस्टरांचे हात सवयीने चालले. दंडाला पट्टा, बटण, आकडा दोनशे चौदा. आणि त्याच सवयीने त्यांनी लिहिलं एकशे चौऱ्याहत्तर.

डॉक्टरीणबाई तोवर धावत बाहेर आल्या होत्या. त्यांनी केसपेपर पाहिला, मशीनवर अजून उजळलेला आकडा पाहिला, मग मशीन उलटं केलं. चिकटपट्टीवर सिस्टरांचं सुवाच्य अक्षर.  त्यांनी आधी गाडी बोलावली, शिंप्याला आणि त्याच्या बायकोला मोठ्या इस्पितळात धाडलं. मग दार लोटून घेतलं आणि स्वतःच्या बॅगेतलं प्रेशरचं यंत्र काढलं. आधी आपल्याच दंडाला दोन्ही लावून पाहिली. दोन्हींत दोन आकड्यांचाही फरक नव्हता. मग त्यांनी सिस्टरांना खुर्चीवर बसवलं.

"एकशे ब्याऐंशी," त्या म्हणाल्या. "सिस्टर, मशीन बरोबर आहे."

 स्वतःचं काय व्हायचं ते सिस्टरांच्या मनातही आलं नाही. मनात आली ती आठ महिन्यांतली बाकावरची माणसं. आपलं दुखणं आपण अंगावर काढलं ते एक वेळ ठीक, पण ते गावाच्या आकड्यांतून वजा करत बसलो, हे त्यांना आता कळलं.

चूक माझीही आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इतक्या जणांचं प्रेशर एकदम कसं सुधारलं, हे विचारायला हवं होतं, पत्र भिंतीला लावत बसलो. त्यांनी सिस्टरांना गोळी लिहून दिली आणि दोघींनी केसपेपर उपसले. गोळ्या कमी झालेली एकसष्ट माणसं निघाली. आज संध्याकाळपर्यंत सगळ्यांना फोन करून जुन्या गोळ्या सुरू करा असं सांगायचं आणि मग एकेकाचं पुन्हा मोजायचं, असं ठरलं. कारण विचारलं तर मशीन बिघडलं होतं म्हणू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. लोकांचा सिस्टरांवरचा विश्वास उडाला तर उद्या बाकावर कोण येऊन बसणार, हीच त्यांची चिंता होती. सिस्टर हो म्हणाल्या. फोनवर त्यांनी तसंच सांगितलं. एकसष्टपैकी साठ जणांनी लगेच मान्य केलं, काहींनी तर मशीनलाच शिव्या घातल्या. एकसष्टाव्याचा फोन इस्पितळात होता.

पुढचे बारा दिवस सिस्टरांनी कसेबसे रेटले. गोळीने डोकं हलकं झालं, आणि हलक्या डोक्यात तीच ती गोष्ट जास्त नीट दिसायला लागली. शिंपी घरी आल्याचं कळलं त्या दिवशी त्या दवाखाना बंद करून, मशीन पिशवीत घालून थेट त्याच्याकडे गेल्या.

दुकानामागच्या खोलीत तो पलंगावर बसला होता. तोंड सरळ झालं होतं, बोलणं जवळजवळ पूर्वीसारखं. उजव्या मुठीत कापडाची गुंडाळी होती, ती तो दाबून पाहत होता आणि ती फारशी दबत नव्हती. सिस्टरांना पाहून तो उठायला लागला. बायकोला म्हणाला, खुर्ची दे, सिस्टर स्वतः आल्यात. सिस्टर बसल्या नाहीत. बसलं तर सांगणं होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. सकाळी स्वतःवर तपासायची शिस्त, पंचवीस, चाळीस, चिकटपट्टी. काही हातचं राखलं नाही.

शिंप्याने गुंडाळी मांडीवर ठेवली.

"म्हणजे माझं डोकं खरंच दुखत होतं."

"हो."

"ही सारखी म्हणायची, दुसरीकडे दाखवू. मी हिच्यावर ओरडलो. म्हटलं, सिस्टर म्हणाल्यात ना काही नाही, मग काही नाही."

बायको दारात उभी होती. तिने सिस्टरांकडे पाहिलं नाही, पुढे येऊन नवऱ्याच्या मुठीत ती गुंडाळी परत दिली.

तो ओरडेल, हाकलून देईल, याची तयारी सिस्टर करून आल्या होत्या. तसं काहीच झालं नाही आणि आता काय करायचं ते त्यांना सुचेना. सुचलं ते नेहमीचंच. त्यांनी पिशवीतून मशीन काढलं, पट्टा उलगडला आणि त्याच्या डाव्या दंडाकडे हात नेला. शिंप्याने दंड हळूच मागे घेतला.

"राहू द्या, सिस्टर. डॉक्टरीणबाईंकडून मोजून घेईन." मग त्यांचं तोंड पाहून त्याला बोलावंसं वाटलं असावं. "राग नाही तुमच्यावर. पण तुम्ही आकडा सांगितलात की मी आता विचार करत बसेन."

"बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पट्टा गुंडाळला. तो नीट गुंडाळला जाईना, तसाच पिशवीत कोंबला. सत्तावीस वर्षांत त्यांच्यापुढून दंड कोणी मागे घेतला नव्हता. रडणं ही या घरात काढायची चीज नव्हती.

बाहेर आल्यावर त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. किल्ली शोधायचं नाटक केलं नाही, नुसत्या बसल्या. धाप खाली बसायला पाच मिनिटं लागली. मग त्यांनी पिशवीतून यादी काढली. उरलेले साठही जण गोळ्या घेत होते, पुन्हा मोजून झालं होतं, त्यांच्याकडे जायचं वैद्यकीय असं काही कारण उरलं नव्हतं. यादीतली दुसरी होती कोपऱ्यावरची पाव भाजणारी बाई. तिचं दुकान इथून दिसत होतं, आणि ती सिस्टरांना पाहून लांबूनच हात हलवत होती.

सिस्टर गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मशीन बिघडलं नव्हतं, तिथून सुरुवात करायची असं त्यांनी ठरवलं आणि रस्ता ओलांडला.